ऐकायला एक, लिहायला तीन: सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द आणि पाठ केलेल्या याद्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात, सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या शंभरेक जोड्या तुम्ही पाठ केल्यात, कोणी विचारलं तर नियम धडाधड सांगता येतो, पण घाईत लिहिताना तिन्ही देअर, दोन्ही इट्स, अफेक्ट-इफेक्ट आणि लूझ-लूस हे हमखास चुकतात आणि चूक दिसते ती मेल गेल्यावर. 'वी डोन्ट वॉन्ट टू लूझ धिस क्लायंट' या वाक्यात लूझला दोन ओ पडले आणि ते सगळ्यांसमोर दाखवलं गेलं, ते तुम्हाला लागलंय हे कळतंय. शेवटी तुम्ही विचारलंय की मराठी माध्यमात शिकल्यामुळे असं होतं का, आणि याहून मोठी यादी कुठे मिळेल.

यादीचं आधी सांगते. मोठी यादी शोधू नका, आहे तीही बाजूला ठेवा. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि लोकांनी लिहिलेलं तपासून देते, वीसेक वर्षं झाली, आणि तुमच्यासारखी यादी पाठ असलेली आणि तरीही चुकणारी माणसं मला सतत भेटतात. तुमची अडचण नियम माहीत नसण्याची नाहीच, तो तुम्हाला माहीत आहे. लिहिताना आपण वाक्य मनातल्या मनात ऐकतो आणि हात त्या आवाजाचं स्पेलिंग टाइप करतो. आवाज एक आणि स्पेलिंगं दोन-तीन असली की जे जास्त सवयीचं ते आधी बोटांवर येतं, नियम आठवेपर्यंत वाक्य लिहून झालेलं असतं.

आता मी हे सगळं देवनागरीत लिहितेय, त्याचा इथे फायदाच आहे. देअर, देअर, देअर. बघा, तीन वेगळे शब्द लिहिले आणि एकच दिसतोय. तुमच्या कानाला लिहिताना एवढंच ऐकू येतं.

मराठी माध्यमाचं म्हणाल तर ते मनातून काढून टाका. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते लोक इट्स आणि देअर भरपूर चुकवतात, कारण ते भाषा आधी कानाने शिकलेले असतात. ज्यांनी इंग्रजी आधी पुस्तकातून, डोळ्यांनी शिकलंय त्यांच्या हातून या विशिष्ट चुका कमी होताना मी बघितल्यात, आणि तीच माणसं सराईतपणे बोलायला लागली, घाईत टाइप करायला लागली, की चुका वाढतात. म्हणजे तुमचं इंग्रजी आता कानात बसलंय त्याचीच ही खूण आहे. आणि आपलं काय वेगळं आहे, 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं तरी शुभेच्छांच्या फलकावर 'दीन' छापून येतोच की.

मराठीमुळे पडणारी भर एका वेगळ्या ठिकाणी आहे. इंग्रजीत ज्यांचे उच्चार खरंच एक आहेत असे शब्द वेगळे, आणि ज्यांचे उच्चार इंग्रजीत वेगळे आहेत पण आपण एक करून टाकलेत असे वेगळे. लूझ आणि लूस हे दुसऱ्या प्रकारातले. हरवणं या अर्थाचा, एक ओ असलेला शब्द शेवटी झ सारखा वाजतो आणि सैल या अर्थाचा, दोन ओ असलेला शब्द स्पष्ट स ने संपतो. आपण दोन्हीला 'लूज' म्हणतो, 'स्क्रू लूज झालाय' आणि 'मॅच लूज केली', मग हाताला फरक कळणार कुठून. तसंच व चं आहे. व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि डब्ल्यू ला ओठांचा चंबू होतो, आपण दोन्हीकडे एकच व वापरतो म्हणून द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू आपल्या तोंडी दोन्ही 'वाइन'च होतात. या प्रकारातल्या शब्दांना युक्ती लागत नाही, उच्चार सुधारला की स्पेलिंग बरंचसं आपोआप सुधारतं. महिनाभर हरवण्याचा लूझ मुद्दाम झ ने म्हणा. फक्त इथे एक खड्डा आहे, निवडणं या अर्थाच्या चूझला त्याच झ च्या आवाजात दोन ओ आहेत, आणि लूझला दोन ओ पडतात ते बऱ्याचदा त्याच्याच नादाने. त्यासाठी मी लॉस्ट, लॉस, लूझ हे तिघं एकत्र लिहायला लावते, हरवण्याच्या घरात सगळीकडे ओ एकच.

कोणते शब्द सारखे ऐकू येतात हे तुम्ही कोणतं इंग्रजी ऐकता यावर पण अवलंबून आहे, त्यामुळे सगळ्यांना चालेल अशी एक यादी होऊच शकत नाही. ब्रिटिश वळणाने बोलणाऱ्यांच्या तोंडी सॉस आणि सोर्स एकसारखे येतात कारण ते तिथला आर म्हणत नाहीत, अमेरिकन माणूस तो आर स्पष्ट म्हणतो. उलट अमेरिकेत लिहिणारा रायटर आणि गाडीवर बसणारा रायडर जवळपास एक होतात. चेटकीण या अर्थाचा विच आणि कोणता या अर्थाचा व्हिच बऱ्याच जणांना एकच वाटतात, पण स्कॉटलंड-आयर्लंडकडे अजूनही अनेक जण दुसऱ्यात फुंकर घालून ह चा आवाज काढतात. तुमच्या कानाला जे सारखं वाटतं तेवढंच तुमच्या कामाचं.

आता याद्यांनी उपयोग का होत नाही ते सांगते, कारण हे पटलं की पुढचं सोपं आहे. दोन गोंधळाचे शब्द शेजारी शेजारी ठेवून एकाच दिवशी पाठ केले की डोक्यात ते कायमचे शेजारी राहतात, आणि एकाला हाक मारली की दोघं उठून येतात. पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रह कसा शिकावा यावर आयुष्यभर काम केलेले अभ्यासक आहेत, तेही हेच सांगतात की एकमेकांत गुंतणारे शब्द एकदम शिकवू नका, एक पक्का बसू द्या आणि मग दुसरा आणा. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं फळ्यावर दोन रकाने करून शिकवायचे, डावीकडे अफेक्ट उजवीकडे इफेक्ट, आणि पुढच्या आठवड्यात मुलं मला विचारायची की बाई, डावीकडचा कुठला होता. रकाना लक्षात राहिला होता, अर्थ नाही. तेव्हापासून मी जोडी फोडते. प्रत्येक शब्दाला त्याच्या स्वतःच्या कुळात नेऊन बसवायचं, आणि वाक्यात त्याचे शेजारी कोण असतात ते बघायचं, बस.

कुळ म्हणजे काय ते देअर वर बघा. आपल्याकडे इथे, तिथे, कुठे हे तिघं भाऊ वाटतात ना, तसेच इंग्रजीत हिअर, देअर, व्हेअर. हिअर म्हणजे एच-ई-आर-ई, त्याच्या आधी टी लावला की तिथे वाला देअर, डब्ल्यू लावला की कुठे वाला व्हेअर. जागेचा देअर म्हणजे इथे च्या आधी टी, आणि आपल्या तिथे ची सुरुवात पण त ने. मालकीचा देअर वेगळ्या घरातला, त्याची अक्षरं टी-एच-ई-आय-आर, त्यातला टी काढला की उरतो एच-ई-आय-आर, म्हणजे वारस या अर्थाचा शब्द, ज्यात एच चा उच्चार होत नाही. हे दोन शब्द खरे नातेवाईक नाहीत, पण वारस म्हटलं की मालकी आलीच, म्हणून लक्षात राहायला चांगलं. तिसरा, वरती टिंब (म्हणजे अपॉस्ट्रॉफी) असलेला, तो शब्दच नाही, ते दोन शब्द जवळ आलेत, दे आणि आर. तो सोडवून म्हणून बघायचा. जागेचा आधी पंधरा दिवस पक्का करा, बाकीच्या दोघांकडे तोवर बघू पण नका.

इट्स चं पण तसंच, पण इथे तुमच्या डोक्याचा काही दोष नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. नामाला मालकी दाखवायची तर इंग्रजीत वरचं टिंब आणि एस लागतो, मग इट ला पण लागेल हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकात छापलेल्या इंग्रजीत मालकीचा इट्स टिंबासकट सर्रास सापडतो. नंतर रीत ठरली आणि टिंब 'इट इज' किंवा 'इट हॅज' साठी राखीव झालं. त्याचं कुळ बघा, हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, मालकीच्या या सर्वनामांत कोणालाच टिंब नाही, मग इट्सलाच कशाला. लिहून झाल्यावर प्रत्येक टिंबवाला इट्स मनात 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा फोडून वाचा, दोन्हींनी वाक्य मोडलं की टिंब काढा. युअर आणि हूज ला पण हीच तपासणी चालते, वेगळं काही शिकायची गरज नाही.

अफेक्ट-इफेक्ट वर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मराठी माणसाची इथे वेगळी पंचाईत होते. आपण मराठीत बोलताना दोन्ही शब्द कसेही वापरतो, 'कामावर इफेक्ट होतो', 'कामावर अफेक्ट होतं', कानाला काही खटकत नाही. आणि परिणाम कशा'वर' तरी होतो, हा वर आपल्या डोक्यात घट्ट आहे, म्हणून लोक ए वाल्या अफेक्टच्या मागे पण ऑन लावतात आणि एका वाक्यात दोन चुका होतात. याच वर चा मी उपयोग करून घेते. ई वाला इफेक्ट हे नाम आहे, परिणाम, त्याच्या आधी द, अ‍ॅन, नो, साइड असं काहीतरी येतं आणि नंतर बहुतेक वेळा ऑन येतो. ए वाला अफेक्ट हे क्रियापद आहे, तो थेट कर्मावर जातो, मध्ये ऑन नाही. म्हणजे 'इट हॅज अ‍ॅन इफेक्ट ऑन अवर वर्क' आणि 'इट अफेक्ट्स अवर वर्क'. ऑन दिसला की ई, ऑन नाही आणि क्रिया चालू आहे की ए. अपवाद आहेत, इफेक्ट क्रियापद म्हणून घडवून आणणं या अर्थाने येतो, आणि मानसशास्त्रात अफेक्ट हे भावस्थिती या अर्थाचं नाम आहे, पण तुमच्या मेलमध्ये ही वाक्यं येत नसतील तर आत्ता ते डोक्यात घेऊ नका. नव्वद वेळा लागणारं पक्कं व्हायच्या आधी दोनदा लागणारा अपवाद शिकवला की नव्वदचं पण हलतं, हे मी वर्गात फार वेळा बघितलंय.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी विचारलंय की इंग्रजीत हा गोंधळ मुळात आहेच कशाला. त्याचं उत्तर मला आवडतं म्हणून देते आणि ते कामाचं पण आहे. कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि त्यानंतर हळूहळू स्पेलिंगं ठरत गेली, पण नेमकं त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 च्या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते आणि काही व्यंजनं उच्चारातून गळत होती. कागदावर जुनं राहिलं, तोंडात नवं आलं. समुद्राचा सी आणि बघण्याचा सी हे एके काळी वेगळे वाजायचे, मांसाचा मीट आणि भेटण्याचा मीट पण वेगळे, म्हणून एकात ई-ए आणि एकात डबल ई. सरदार या अर्थाच्या नाइटमधला के लोक खरंच म्हणायचे. म्हणजे ज्यांना आपण सायलेंट अक्षरं म्हणून वैतागतो ती बऱ्याचदा जुन्या उच्चाराची राहिलेली खूण असते आणि ती कुळ दाखवते. दोन या अर्थाच्या टू मध्ये डब्ल्यू का, तर ट्वाइस, ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी, सगळीकडे दोन आहे आणि सगळीकडे डब्ल्यू आहे, आणि आपल्या द्वि मधला व सुद्धा त्याच मुळातून आलेला आहे. माहीत असणं या अर्थाच्या नो मधला के पण असाच, तो शब्द आणि आपला ज्ञान हे दूरचे नातेवाईक आहेत, त्यातला के आपल्या ज् च्या जागी उभा आहे. हे एकदा ऐकलेला माणूस नकाराचा नो आणि माहितीचा नो सहसा परत चुकवत नाही, निदान माझ्या वर्गात तरी नाही.

सगळ्यात सुंदर उदाहरण स्टेशनरीचं. एक जागी थांबलेला या अर्थाचा ए-आर-वाय वाला आणि कागद-पेनाचा ई-आर-वाय वाला, लोक म्हणतात ई म्हणजे एन्व्हलप, ठीक आहे, चालतं. पण मूळ बघितलं तर दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. युरोपात मध्ययुगात बरेचसे विक्रेते फिरून माल विकायचे, आणि एका जागी दुकान मांडून बसणारा, मुख्यतः पुस्तकं विकणारा, तो स्टेशनर, म्हणजे ठिय्या असलेला. त्याच्याकडे जे मिळतं ते स्टेशनरी. म्हणून त्यात ई-आर, जसा बेकर चा बेकरी. ग्रोसर, ग्रोसरी, तसंच स्टेशनर, स्टेशनरी. विकणारा माणूस डोळ्यासमोर आणला की झालं.

बाकीचे भराभर. प्रिन्सिपल मध्ये ए-एल वाला म्हणजे मुख्य, सेंट्रल, नॅशनल सारखं ए-एल ने संपणारं विशेषण, मुख्य शिक्षक म्हणून प्राचार्य आणि मुख्य रक्कम म्हणून मुद्दल, दोन्ही त्याच्यातच आले, आणि एल-ई वाला फक्त तत्त्व. कॉम्प्लिमेंट मध्ये पूर्ण करणारा तो कम्प्लीट सारखा, मधे ई, उरलेला कौतुकाचा. देन आणि दॅन हे मुळात एकच शब्द होते आणि साधारण 1700 पर्यंत लोक ते अदलून-बदलून लिहायचे, तेव्हा चुकलात तर फार मनाला लावून घेऊ नका, व्हेन-देन म्हणजे जेव्हा-तेव्हा, दोघांत ई, आणि पेक्षा वाल्यात ए. प्रॅक्टिसला ब्रिटिश पद्धतीत नाम सी ने आणि क्रियापद एस ने, अ‍ॅडव्हाइस सारखंच, तिथे निदान स आणि झ असा उच्चार वेगळा आहे म्हणून त्याच्यावरून आठवतं, अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी. तुमचे क्लायंट कुठले आहेत ते बघा आणि एकच पद्धत धरा.

लीड-लेड बद्दल एक सावधगिरी, कारण इथे मी स्वतः चुकलेय. वाचणं या अर्थाच्या रीडचा भूतकाळ त्याच स्पेलिंगने लिहितात आणि रेड म्हणतात, म्हणून नेतृत्व करणं या अर्थाच्या लीडचा भूतकाळ पण तसाच असेल असं हाताला वाटतं, त्यात शिसं या धातूचा शब्द एल-ई-ए-डी लिहून लेड म्हणतात. भूतकाळ फक्त तीन अक्षरांचा, एल-ई-डी. एका संस्थेचा वार्षिक अहवाल तपासताना ही चूक माझ्या नजरेखालून गेली आणि छापून आली, कारण मी तो शेवटचा हात मोठ्याने वाचून फिरवला होता. मोठ्याने वाचा हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. राहिलेला शब्द, मोडलेलं वाक्य, हे त्याने सापडतं, पण सारख्या उच्चाराची चूक मोठ्याने वाचून सापडू शकत नाही, कानाला ते बरोबरच वाटणार. स्पेलचेकचं पण तेच, दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत म्हणून लाल रेघ येत नाही. नवीन ग्रामर तपासणारी साधनं वाक्य बघून काही चुका पकडतात, वापरा, पण देन-दॅन सारख्या ठिकाणी दोन्ही शब्द व्याकरणात बसत असतील तर तीही सोडून देतात.

मग करायचं काय. एका संध्याकाळी तुमचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले पाठवलेले मेल उघडा आणि सर्चमध्ये एकेक शब्द टाकून बघत जा, देअर तिन्ही स्पेलिंगांनी, इट्स दोन्ही, अफेक्ट, इफेक्ट, लूझ, लूस, देन, दॅन. जिथे चूक आहे ते अख्खं वाक्य वहीत उतरवा. मी ज्यांच्याकडून हे करून घेतलंय त्यांच्यात बहुतेकांचे खरे चुकणारे शब्द पाच-सातच निघतात, शंभर कधीच नाही. ते तुमचे. त्यातला एकच घ्या, त्याचं कुळ शोधा, तुमच्याच कामातली चार वाक्यं त्या शब्दाने लिहा, आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक मेल पाठवायच्या आधी फक्त तो एक शब्द सर्च करून बघा. सगळे एकदम तपासायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. किती दिवसांत बसेल ते तुम्ही रोज किती लिहिता त्यावर आहे, दिवसाला वीस मेल लिहिणाऱ्याचं लवकर होतं, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्याला जास्त लागतं. परीक्षेसाठी करायचं असेल तर क्रम वेगळा, तिथे ऐकून लिहायचं असतं म्हणून श्रुतलेखन घ्यावं, आणि सुटे शब्द न देता पूर्ण वाक्यं द्यावीत, कारण सुट्या शब्दात ओळखायला काहीच धागा नसतो.

आणि तुमच्या त्या मेलमधल्या वाक्यापासूनच सुरुवात करा. वहीच्या पहिल्या पानावर लिहा, 'वी लॉस्ट वन क्लायंट लास्ट इयर, दॅट वॉज अ लॉस, वी डोन्ट वॉन्ट टू लूझ धिस वन', तिन्ही शब्द एकेका ओ ने, आणि लूझ म्हणताना झ ऐकू आला पाहिजे. दोन आठवडे हा एकच. देअर त्याच्यानंतर घेऊ.